चष्म्यातला माणूस

बातमी रणजित रेडेकरला फोटोतून कळली. कुणी तोंडाने सांगितली असती, तर सांगणाऱ्याचा आवाज ऐकून निदान आधी खाली बसता आलं असतं.

सकाळची वेळ होती. आजऱ्याच्या पेठेतल्या आपल्या स्टुडिओत तो एका म्हाताऱ्याचा हाराचा फोटो तयार करत होता. हाराचा फोटो म्हणजे माणूस गेल्यावर बाराव्याला पाटावर ठेवायचा आणि मग भिंतीवर टांगायचा फोटो. पासपोर्ट, लग्न, बारसं, बाकी सगळे फोटो लोक आता स्वतःच काढत होते. वडिलांनी सुरू केलेल्या स्टुडिओत हा एकच धंदा उरला होता, कारण मेलेल्याला स्वतःचा फोटो काढता येत नाही आणि त्या दिवसांत घरच्यांना काही सुचत नाही. कुठल्यातरी लग्नाच्या घोळक्यातलं तोंड रणजित कापून घ्यायचा, मोठं करायचा, कपाळावरचा घाम पुसायचा, चष्म्यावरची चकाकी काढायचा. गावात चेष्टा चालायची: रेडेकराच्या दुकानात दोनदाच जायचं, एकदा पासपोर्टला आणि एकदा हाराला.

शेजारच्या कापड दुकानातला अण्णा सुतार दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात फोन होता.

"रणजित, वैनी कुठं हाईत?"

"सावंतवाडीला. भाचीचं डोहाळजेवण होतं काल. येईल आता, सकाळच्या गाडीनं निघणार होती."

"न्हाई म्हणजे... हे बघ जरा. वैनीच वाटत्यात."

फोटोत वैजयंती होती. गुडघ्यावर बसलेली, हातात तिची ती छोटी कात्री, केस सुटलेले, डोळ्यांवर चष्मा, गालाला काजळी लागलेली. मागे काळी भिंत आणि भिंतीवर दिव्याचा क्रमांक. आणि ती थेट कॅमेऱ्याकडे बघत होती. बोलता बोलता मान वर केल्यासारखी.

रणजितच्या मनात पहिला विचार आला तो हा, की हिने फोटो कसा काय काढू दिला?

वैजयंती त्याला कधी फोटो काढू द्यायची नाही. लग्नानंतर सुरुवातीला त्याने खूप खटपट केली होती. कॅमेरा दिसला की ती तोंडापुढे हात धरायची. "अहो, तुमच्या दुकानातली माणसं शेवटी भिंतीवर जातात. मला एवढ्यात नाही जायचं," म्हणायची आणि हसत आत पळायची. ती ब्लाउज शिवायची. तिची बोटं सुईने टोचून खरखरीत झालेली होती, आणि रणजितकडे त्या बोटांचे, त्या तळहाताचे चिक्कार फोटो होते. चेहऱ्याचा एकही धड नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि इथे ती कुणा परक्याकडे सरळ मान वर करून बघत होती.

फोटोखाली नाव होतं, दत्तप्रसाद परुळेकर, सावंतवाडी. त्याच्याखाली बातमी होती. ती रणजितने नंतर वाचली. सावंतवाडीहून आजऱ्याला येताना लागणाऱ्या धनगरखिंडीच्या बोगद्यात थिनरचे डबे नेणारा टेम्पो पेटला होता. दिवे गेले, धूर ओढणारे पंखे बंद पडले, मागेपुढे गाड्या अडकल्या. फोटोतली ही अनोळखी बाई टेम्पोच्या जखमी क्लीनरचा पाय बांधत होती. क्लीनर बाहेर आला. बाई आली नाही.

"रणजित," अण्णा म्हणाला, "खाली बस."

संध्याकाळी सरकारी दवाखान्यात त्याने तिला ओळखलं. डोळ्यांवर चष्मा नव्हता. साडीची किनार एका बाजूने कापलेली होती, आणि कापही कसा, शिंपिणीने कापावा तसा सरळ.

* * *

मुलगी मैथिली पुण्याहून आली. घरात माणसं येत होती, जात होती, आणि येणारा प्रत्येक जण आधी आपल्या फोनमधला तो फोटो दाखवत होता. एका बातमीवाल्यांचं 'आपली नजर' म्हणून सदर होतं. तुम्हीआम्ही काढलेले फोटो त्यात लागायचे. परुळेकरचा फोटो तिथे लागला आणि दोन दिवसांत सगळ्या महाराष्ट्राने वैजयंतीला बघितलं. कुणी तिची रांगोळी काढली. कुणी तिच्यावर गाणं केलं. परुळेकरचं लोक कौतुक करत होते. काय क्षण पकडलाय, म्हणत होते.

"पप्पा, बाराव्याला हाच लावायचा," मैथिली म्हणाली. "आई किती खरी दिसतेय."

"त्यानं काढलेला?"

"त्यानं काढला म्हणून काय झालं? आईच आहे ना ती!"

"दुसरा शोधतो मी."

"कुठला शोधणार? हाताचा लावणार भिंतीवर?"

रणजित उठून आलेल्यांचे चहाचे कप गोळा करायला लागला.

"आणि असा सगळीकडे फिरतोय तो तुम्हाला आवडत नसेल, तर अंत्यचित्राची नोंद करा," ती म्हणाली.

हा कायदा येऊन काही वर्षं झाली होती. अपघातात मरणाऱ्या माणसाचे फोटो बघे काढतात, विकतात, त्यांची चेष्टा करतात, असं फार झाल्यावर सरकारने तो केला. घरच्यांनी एक प्रत मान्य करून द्यायची. ती नोंदली की त्या फोटोची बाकीची प्रत्येक नक्कल, ज्याच्या त्याच्या फोनमधून आणि बातमीवाल्यांच्या साठ्यातूनही, आपोआप पुसली जायची. प्रत्येक फोटोला काढतानाच एक अदृश्य शिक्का बसत असे. त्या शिक्क्याचा माग काढून पुसणं सोपं होतं. मेलेल्याची अब्रू घरच्यांच्या हातात, असा सरळ विचार होता त्यामागे.

रणजितला तो कायदा त्या दिवशी फार आवडला. परुळेकरच्या हातातून ती सुटणार होती.

* * *

त्याने फोटो स्टुडिओतल्या जुन्या कॉम्प्युटरवर घेतला. ते मशीन कशालाच जोडलेलं नव्हतं. वडिलांच्या वेळचे रंग त्यावरच बरोबर दिसायचे, म्हणून रणजितने ते टाकलं नव्हतं.

वडिलांचा एक नियम होता. फार पूर्वी अपघात झाला, कुणी विहिरीत सापडलं, की पोलीस पंचनाम्याचे फोटो काढायला त्यांना बोलवायचे. रणजित लहानपणापासून सोबत जायचा. वडील आधी चपला काढायचे, प्रेताला हात जोडायचे, मग कॅमेरा डोळ्याला लावायचे. घरी आल्यावर सांगायचे, "हाराचा फोटो पुसायचा. पंचनाम्याच्या फोटोला बोट लावायचं नाही. पहिल्यात माणूस कसा असावा ते दाखवायचं असतं. दुसऱ्यात काय झालं ते."

हा हाराचा फोटो होता. रणजित कामाला लागला.

काजळी पुसली. सुटलेली बट मागे घेतली. हनुवटीखालची कडक सावली मऊ केली. हाराच्या फोटोत मागे असतो तो निळा रंग भरून बघितला, तर तिचे केस कातरल्यासारखे दिसायला लागले, म्हणून भिंत तशीच ठेवली. मग चष्म्याकडे वळला. दोन्ही काचांवर चकाकी होती. शेकडो चष्मे त्याने असे स्वच्छ केले होते. त्याने उजवी काच मोठी केली.

काचेत एक माणूस होता.

बोटाच्या पेराएवढा. उभा. चेहरा दिसत नव्हता. एक हात पुढे केलेला आणि त्या हातात एक पांढरा ठिपका, डोळ्यात खुपावा असा. डाव्या काचेतही तोच माणूस, जरा वाकडा. वैजयंतीच्या दोन्ही डोळ्यांत तो उभा होता.

रणजित बराच वेळ बघत बसला. बाहेर अण्णा गिऱ्हाइकाला कापड दाखवत होता, मीटर मीटर मोजल्याचा आवाज येत होता. इतकी वर्षं आपण हिच्यासमोर कॅमेरा घेऊन उभे राहिलो, रणजितला वाटलं, आणि हिने मध्ये हात धरला. आणि शेवटी हिच्या डोळ्यांत कोण, तर हा.

त्याने दोन्ही काचांतून तो माणूस पुसला. नेहमी चकाकी काढायला त्याला चहा निवेपर्यंतचा वेळ पुरत असे. या दोन काचांना त्याने अख्खी दुपार दिली. नंतर तिथे नुसते डोळे राहिले, स्वच्छ, कुणाकडेच न बघणारे.

फोनवरून प्रत नोंदवताना पडद्यावर प्रश्न आला, मूळ चित्रात बदल केला आहे का? हाराच्या फोटोत केलेल्या सफाईला बदल म्हणायची त्याच्या धंद्यात पद्धत नव्हती. त्याने 'नाही'वर अंगठा ठेवला. दुसऱ्या दिवशी अण्णा सांगत आला, "माझ्या फोनातला वैनींचा फोटो गेला की रे!" सगळ्यांच्याच फोनमधून तो गेला होता. रणजितला त्या दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

* * *

पावसाळा गेला. एक दिवस कोल्हापूरच्या तपास केंद्रातून फोन आला. नाईकनवरे म्हणून मॅडम होत्या. "रेडेकर साहेब, बोगद्याची जोड तयार होतेय. घरच्यांना आधी दाखवतो आम्ही. येऊ शकाल?"

जोड म्हणजे काय हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं, पण रणजितने ती आतून कधी बघितली नव्हती. मॅडमनी त्याला चहा पाजून समजावून सांगितलं.

"एक फोटो म्हणजे एका खिडकीतून दिसलेलं घर. पण त्या बोगद्यात शेकडो फोन होते, म्हणजे शेकडो खिडक्या. भिंतीच्या रेषा, फरशीच्या कडा कुठल्या फोटोत कशा तिरक्या दिसतात त्यावरून मशीन काढतं की तो फोन नेमका कुठे होता, केवढ्या उंचीवर होता, कुणाकडे तोंड करून होता. सगळ्या खिडक्या अशा जागच्या जागी बसवल्या की अख्खं घर उभं राहतं. त्यात चालता येतं."

"आणि जे कुणाच्याच फोटोत नाही?"

"ते राखाडी राहतं. मशीन मनाने काही भरत नाही. दुसरी गोष्ट उजेडाची. सावली कुठे पडली, ओल्या फरशीवर काय चमकलं, डोळ्यांत काय उमटलं, यावरून कुठला दिवा कुठे होता ते कळतं. फोटो फक्त समोरचं सांगतो असं आपल्याला वाटतं. तो काढणाऱ्याचंही सांगतो."

त्यांनी डोळ्यांवर घालायचा जाड चष्मा दिला. रणजित बोगद्यात उभा राहिला.

चहूकडे धूर होता आणि धुरात उजेडाचे गोळे. लोक हात वर करून पळत होते आणि त्या हातांत फोन होते. पळताना, खोकताना, पडलेल्याला ओलांडताना लोक फोटो काढत होते. काही अर्धे रंगीत, अर्धे राखाडी होते, ज्या बाजूने कुणी बघितलं नाही ती बाजू राखेची. आणि डाव्या भिंतीशी वैजयंती बसली होती. समोरून रंगीत. पाठीकडून राखाडी. तिच्यापुढे क्लीनर आडवा पडलेला, राखाडी. आणि दोन पावलांवर एक राखाडी माणूस, हात पुढे करून उभा.

"हा परुळेकर," मॅडम म्हणाल्या. "बराच वेळ असाच उभा आहे. लांबच्या दोन फोटोंत त्याची आकृती येते, पण धुरात सगळे उजेड एकमेकांत मिसळलेत. तो म्हणतो, मी टॉर्च धरला होता. त्याचा फोन बाहेर अग्निशामकच्या पाण्यात भिजून मेला. क्लीनर शुद्धीवर न येताच गेला. राहिला तुमच्या मिसेसचा फोटो, तोही तुम्ही नोंदवलेली प्रत तेवढी. तो टॉर्चच्या उजेडात काढलेला असता तर चष्म्याच्या काचेत ठिपका आला असता. काच म्हणजे आरसाच. पण काचा स्वच्छ आहेत. फोन आता अंधारातही फोटो काढतात. म्हणजे त्या पाय बांधत होत्या आणि हा गृहस्थ नुसता फोटो काढत उभा होता."

"मग?"

"मग बघ्यांचा कायदा. हाकेच्या अंतरावर मदत करता येत असताना नुसतं चित्रण करणं. शिक्षा आहे त्याला." मॅडमनी नोंदीचा कागद पुढे ओढला. "घरच्यांची प्रत आम्ही सगळ्यात विश्वासाची धरतो. तरी विचारते. तुम्ही दिलेली प्रत होती तशीच आहे ना?"

रणजितच्या डोळ्यांसमोर तो राखाडी माणूस उभा होता. वैजयंती मान वर करून त्याच्याकडे बघत होती.

हा काही हाराचा फोटो नव्हता. इतका वेळ चाललाय तो पंचनामाच आहे, हे रणजितला तेव्हा कळलं. वडिलांनी चपला काढल्या असत्या.

"होय," तो म्हणाला. "तशीच आहे."

"तुम्हाला त्याच्या जागी उभं राहून बघायचंय? जिथे जिथे फोन होता तिथून बघता येतं."

"नको."

* * *

बातमी फुटायला वेळ लागला नाही. ज्यांनी परुळेकरला डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच त्याला आपटलं. मैथिलीचा फोन आला. "पप्पा, तो नुसता उभा होता? आई मरत होती आणि तो नुसता बघत होता? आणि मी त्याला आभाराचा मेसेज पाठवला होता!" ती रडत होती. रणजितने तिला समजावलं, जेवून घे म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला जे वाटलं ते दुःख नव्हतं. पेठेत अण्णा कुणाला तरी सांगत होता, "असल्याला फोडून काढला पाहिजे," आणि ते ऐकायला रणजितला बरं वाटत होतं.

सुनावणीची तारीख लागली. त्याच्या आधल्या आठवड्यात, दुपारच्या वेळेला, एक माणूस स्टुडिओच्या पायरीवर आला. पस्तिशीतला, सडपातळ, शर्टाच्या खिशाला टेस्टर अडकवलेला.

"रेडेकरदादा?"

"फोटो काढायचाय?"

"नाय. मी दत्तप्रसाद परुळेकर. फ्रीज दुरुस्त करतो सावंतवाडीत. म्हणजे, करायचो. आता कोण घरात घेत नाय."

रणजितने त्याला बस म्हटलं नाही. माणूस दिसायला अगदी साधा होता, याचाच त्याला राग आला.

"काय पाहिजे?"

"काय नको. वकील म्हणाला, घरच्यांकडे जाऊ नकोस. तरी आलो. मी नुसता उभा नव्हतो, एवढंच तुमच्या तोंडावर सांगायचं होतं. त्यांनीच हाक मारली मला. 'ओ दादा, फोनचा दिवा धरा इकडे.' मी धरला. त्या पायाला पट्टी बांधत होत्या, दिसत नव्हतं त्यांना."

"आणि फोटो?"

"काढला. खोटं कशाला बोलू. हातात फोन होताच, सगळे काढत होते, अंगठा गेला. बाहेर आल्यावर पाठवलाही मीच. ह्या बाईंचं कुणीतरी नाव घ्यावं असं वाटलं. आणि... आपलाही फोटो लागावा असंही वाटलं. दिवा धरला हे खरं, फोटो काढला हेही खरं. पण कायदा म्हणतो दोनातलं एकच खरं असतं."

"विचारलंस का तिला? काढू का म्हणून?"

"नाय विचारलं."

रणजितला हे ऐकायचं होतं, आणि ऐकून समाधान झालं नाही. खरा प्रश्न अजून तोंडात होता. तो विचारायची त्याला लाज वाटत होती. शेवटी विचारलाच.

"ती तुझ्याकडे बघून काय म्हणत होती? फोटोत तोंड उघडं आहे तिचं."

परुळेकर पहिल्यांदा जरासा हसला. "शिव्या घालत होत्या मला. माझा हात कापत होता ना. म्हणाल्या, 'किती हलवताय तो दिवा! आमच्या ह्यांचा हात बघा एकदा. बटण दाबताना श्वाससुद्धा धरतात.' तुम्ही फोटो काढता हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, घरवाले डॉक्टर असतील."

रणजित बटण दाबताना खरंच श्वास धरायचा. ही वडिलांची शिकवण होती. कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ती, आणि कुणाच्या लक्षात येण्यासारखीही नव्हती. तोंडापुढे तळहात धरून उभी असणारी बाई बोटांच्या फटीतून बघत असली तरच लक्षात यावी.

तिने हे त्याला कधी म्हटलं नव्हतं. एका फ्रीजवाल्याला म्हटलं होतं.

"पुढे?" तो म्हणाला.

"पुढे काय... क्लीनरला मी पाठीवर घेतला. त्या माझा शर्ट मागून धरून येत होत्या. धूर एवढा, की आपला हात आपल्याला दिसत नव्हता. मध्येच ओढ गेली. मला वाटलं, वाट सापडली, पुढे गेल्या. बाहेर आलो तर नव्हत्या. परत आत शिरत होतो, अग्निशामकवाल्यांनी धरला. त्या गर्दीत क्लीनरला कुणी बाहेर आणला, हे आता कुणाला आठवत नाय." त्याने शर्टाचं मागचं टोक चिमटीत धरून दाखवलं. "इथे धरला होता."

रणजितने त्या शर्टाच्या टोकाकडे बघितलं. ज्याची दया यायला हवी होती त्याचा त्याला हेवा वाटत होता.

"जा आता तू," तो म्हणाला.

परुळेकर पायरी उतरला. अण्णाने दुकानातून बघितलं आणि रस्त्यावर थुंकला. परुळेकरने मान वर केली नाही.

* * *

मूळ फोटो जुन्या कॉम्प्युटरमध्ये होता. जगातून पुसला गेला होता, पण हे मशीन जगाला जोडलेलंच नव्हतं. रणजितने तो उघडला. चष्म्याची उजवी काच मोठी केली. माणूस होता तिथेच होता, हात पुढे केलेला. हातातला पांढरा ठिपका आता त्याने नीट बघितला. तो जरासा लांबट होता, हलल्यासारखा. क्षणभर चमकणारा फ्लॅश असा ओढला जात नाही, धरून ठेवलेला दिवाच जातो. हात कापत होता त्या माणसाचा.

त्याने फोटो कार्डावर घेतला, कार्ड शर्टाच्या खिशात टाकलं आणि दुकानाला कुलूप लावलं.

"कुठं निघालास?" अण्णाने विचारलं.

"कोल्हापूरला."

"त्या भाड्याला शिक्षा लागू दे बघ चांगली."

"अण्णा, त्यानं दिवा धरला होता."

"कुणी सांगितलं?"

"वैजूनं," रणजित म्हणाला आणि एसटी स्टँडकडे चालायला लागला.

नाईकनवरे मॅडमनी कार्ड मशीनला लावलं. आधी उजवी काच मोठी केली, मग डावी. मग म्हणाल्या, "चुकीची प्रत नोंदवल्याबद्दल तुमच्यावर कारवाई करावी लागेल मला. तुम्हाला कल्पना आहे ना?"

"करा."

"का पुसलंत पण?"

"हाराच्या फोटोत चकाकी काढतात," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आणि तो तिच्या डोळ्यांत होता."

मॅडमनी जोड पुन्हा चालवली. रणजितने जाड चष्मा घातला. या वेळी राखाडी माणसाच्या हातात उजेड होता. तो उजेड पुढे पडला होता, क्लीनरच्या पायावर, साडीच्या किनारीवर, वैजयंतीच्या बोटांवर. गाठ मारणारी ती टोचलेली बोटं आता अंधारात नव्हती.

"त्याच्या जागी उभं राहायचंय?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

या वेळी तो गेला. राखाडी माणूस बाजूला झाला आणि रणजित तिथे उभा राहिला. वैजयंतीने मान वर केली. कपाळाला आठी होती, तोंड उघडं होतं. ती माणसाकडे बघत नव्हती. त्याच्या हाताकडे, दिव्याकडे बघत होती. पण तिथे उभं राहिलं की वाटायचं, आपल्याकडेच बघतेय. तिने आपल्याकडे असं बघावं म्हणून त्याला दुसऱ्याच्या जागेवर उभं राहावं लागलं होतं.

त्याने नकळत श्वास धरला.

परुळेकर सुटला. लोकांना त्याची माफी मागायला वेळ झाला नाही, तोवर दुसरी बातमी आली होती. रणजितवरची कारवाई चालू आहे. मैथिली महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. मग एक दिवस तिचा फोन आला. तिने इकडचं तिकडचं विचारलं, आणि शेवटी विचारलं, "घरातला फोटो बदललात का, पप्पा?"

"बदलतो," तो म्हणाला.

कोर्टाकडे खरा फोटो आहे. त्याची मोठी प्रत छापून स्टुडिओच्या कपाटात तयार आहे, चौकटही तयार आहे. घरी भिंतीवर, हाराखाली, अजून पुसलेल्या काचांचाच फोटो आहे. तो बदलायचा राहिला आहे.